लोणच्याखालचा बाळकृष्ण

समस्त भाविकांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, दोन हजार चार सालच्या शरद ऋतूत प्रत्यक्ष बाळकृष्ण अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात, तिथल्या मूळ रहिवासी नवाहो लोकांच्या संग्रहालयाच्या दारात, कैरीच्या लोणच्याखाली विराजमान झाले होते. या घटनेचा एकमेव साक्षीदार मी आहे. एकमेव आरोपीही मीच आहे, पण ते जरा पुढे येईल.

आमचा बाळकृष्ण अंगठ्याएवढा. पितळेचा, रांगणारा, उजव्या हातात लोण्याचा गोळा. लग्नात सासूबाईंनी तो लेकीच्या ओंजळीत ठेवला, तेव्हापासून सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, त्याला एक दिवस पारोसा ठेवलेला नाही. प्रवासाला निघालो की एका स्टीलच्या डबीत तांदूळ घालायचे आणि त्यावर त्याला निजवायचं. मी दर वेळी म्हणायचो, "अगं, राहील की दोन दिवस. आपल्या अर्विंगच्या घरातून कोण नेतंय त्याला?" आणि ती दर वेळी एकच उत्तर द्यायची, "एकट्याला कसं ठेवायचं?" माझी नोकरी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची. सगळं नीट चाललंय असं कोणी म्हणालं की मला घाम फुटतो. देवाबद्दल माझं मत विचाराल, तर मी त्याला टेस्टिंगमध्ये ठेवला होता.

त्या वर्षी सुनंदाच्या छातीत गाठ सापडली. ऑपरेशन पुढच्या गुरुवारी ठरलं. "तोवर मी घरात बसून भिंती बघणार नाही," ती म्हणाली, "मला मोठं आभाळ दाखवा." म्हणून रजा टाकून आम्ही दोन दिवस पश्चिमेकडे गाडी हाकत गेलो. आभाळ खरंच अफाट होतं, खाली लाल खडक, आणि गाडीत आम्ही दोघं एकमेकांना गुरुवार सोडून सगळ्या वारांबद्दल विचारत होतो.

संग्रहालयाच्या दारातच पाटी: खाद्यपदार्थ आत नेऊ नयेत. टेबलामागे सत्तरीच्या एक बाई बसल्या होत्या. मखमलीचा जांभळा ब्लाउज, हातात निळ्या खड्यांचं चांदीचं जाड कडं, केसांचा अंबाडा पांढऱ्या लोकरीने बांधलेला. त्या हसल्या नाहीत, वेलकम म्हणाल्या नाहीत, नुसतं टेबलाखाली बोट दाखवलं. अमेरिकेत कोणी हसलं नाही की मला लगेच संशय येतो. आमच्या कापडी पिशवीत दशम्या, ठेचा आणि लोणच्याची बाटली होती. सुनंदा हात धुवायला जाताना म्हणाली, "अहो, हा धरा जरा," आणि डबी माझ्या हातात दिली. मला कॅमेरा काढायचा होता. मी डबी पिशवीत सरकवली आणि पिशवी टेबलाखाली.

आत मला सगळंच संशयास्पद वाटत होतं. एका गालिच्यापुढे सुनंदा खूप वेळ थांबली. लाल-करडी नक्षी, चारी बाजूंनी काळी चौकट, आणि वरच्या कोपऱ्यात आतल्या करड्या रंगाचा एक बारीक धागा चौकट ओलांडून थेट कडेपर्यंत गेलेला. "बघ, डिफेक्ट!" मी आनंदाने ओरडलो. खाली लिहिलं होतं की विणणारीचं मन नक्षीत अडकून पडू नये, म्हणून ती मुद्दाम अशी वाट ठेवते. चूक लपवायचे इतके सुंदर बहाणे आमच्या ऑफिसातही ऐकू येत नाहीत. मी तसं म्हटलं. सुनंदा हसली नाही. "मलापण हवी होती अशी एक वाट," ती म्हणाली.

साडेबाराला तिने हात पुढे केला. "देव द्या. नैवेद्य दाखवायचाय."

दाराशी परत आलो तर टेबलामागची खुर्ची रिकामी. पिशवी होती, दशम्या होत्या, लोणचं होतं. डबी नव्हती. "कुठे ठेवला होतात?" सुनंदाने विचारलं. "टेबलावर. अगदी नीट," मी बेधडक ठोकून दिलं. खोटं बोलताना माझा आवाज फार खणखणीत येतो. मनात मी एव्हाना संपूर्ण खटला उभा केला होता. बाई हसल्या नव्हत्या, हा पुरावा क्रमांक एक. बाई जागेवर नाहीत, पुरावा क्रमांक दोन. आता आमचा देव एखाद्या काचेच्या कपाटात जाणार, खाली चिठ्ठी लागणार, आणि पोरंटोरं त्याच्यापुढे च्युइंगगम चघळणार! मी तावातावाने सगळी कपाटं पुन्हा पाहून आलो.

सुनंदा बाकावर बसली होती. रडत नव्हती, ओरडत नव्हती. "तो नसेल तर गुरुवारी मी जाणार नाही," ती शांतपणे म्हणाली. बत्तीस वर्षं मी तिला ओळखतो. ती भांडते तेव्हा मार्ग निघतो; शांत झाली की मी घाबरतो.

दारावरचा माणूस म्हणाला, त्या बाई जेवायला मागे गेल्यात. मागच्या अंगणात ओंडक्यांचं, मातीने लिंपलेलं एक आठकोनी घर होतं, पूर्वेला दार असलेलं, त्यांचं जुन्या पद्धतीचं. मी फिर्यादीच्या थाटात आत घुसलो. "माझी डबी..." एवढंच म्हणालो, तर बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. जणू कोणी झोपलं होतं.

त्यांच्या शेजारी घडी घातलेल्या स्वच्छ लोकरीच्या कापडावर आमचा बाळकृष्ण रांगत होता. तोंड दाराकडे, प्रकाशाकडे. त्यांचा स्वतःचा डबा अजून उघडलेलाही नव्हता. त्या सावकाश, मोजक्या इंग्रजीत बोलल्या. "तुझ्या पिशवीतून तेल गळत होतं. बाटली आडवी, डबी तिच्याखाली. पुसायला घेतली तर झाकण निघालं, आणि आत मूल. तांदूळ सगळे तेलात भिजले होते." मग म्हणाल्या, "माझी जेवायची वेळ झाली. एकट्याला कसं ठेवायचं?"

माझ्यामागून सुनंदा आली होती. तिने ते ऐकलं. मी तिच्याकडे बघितलं नाही, कारण डबी बाटलीखाली होती, हेही तिने ऐकलं होतं.

त्या दोघींमध्ये पुढे काय झालं, ते मला नीट सांगता येणार नाही. सुनंदाने त्यांना गुरुवारचं सांगितलं. मला दोन आठवडे सांगितलं नव्हतं ते, कुठे दुखतं, कशाची भीती वाटते, सगळं. बाईंनी कमरेच्या छोट्या पिशवीतून मक्याचं पांढरं पीठ काढलं, डबी पुसून त्यात पसरलं आणि आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटल्या. हे पीठ हॉस्पिटलमध्ये चालेल का, यात काही जंतू असतील का, असा संशय मला तेव्हाही आलाच. खोटं कशाला बोलू? मग दशमी आणि ठेच्याचा नैवेद्य झाला आणि आम्ही तिघं जेवलो. ठेचा खाऊन बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. मी त्यांची माफी मागितली. कशाबद्दल, ते त्यांनी विचारलं नाही. मला वाटतं, त्यांना ठाऊक होतं.

गुरुवारी डबी आत नेऊ दिली नाही. तीन तास मी ती दोन्ही हातांत धरून बसलो. नर्स म्हणाली, टेबलावर ठेवा की. मी म्हटलं, नको, मला सवय वाईट आहे. देवाकडे मी काही मागितलं नाही. ज्याला आपण लोणच्याखाली कोंबलं, त्याच्याकडे तोंड वर करून काय मागणार? फक्त एवढंच म्हणालो, "तिला आत एकटीला ठेवलंय रे. मला जाऊ देत नाहीत. तू बघ." एवढं बोललो आणि आयुष्यात पहिल्यांदा पुढची चूक शोधायची राहून गेली. कितीतरी वेळ नुसता बसून होतो.

गाठ निघाली. तपासणीत वाईट काही आलं नाही. डॉक्टर हुशार होता आणि गाठ लवकर सापडली होती, असं मी आजही म्हणतो आणि ते खरंच आहे. पण त्या टेबलाखालून त्या बाईंना त्याला बाहेर काढावंसं का वाटलं, आणि माझ्या बायकोचं बत्तीस वर्षांचं वाक्य त्यांच्या तोंडी कुठून आलं, हे मी तपासायला घेतलेलं नाही. माझ्या मनाच्या चौकटीतून तेवढा एक धागा बाहेर गेलेला आहे, तो तसाच राहू दे. त्या बाईंना रोज सकाळी, त्यांच्या घराच्या दारासारखं पूर्वेकडे तोंड करून नमस्कार करतो. तांदूळ आता वापरत नाही. डबीत मक्याचंच पीठ असतं.

त्या गुरुवारी संध्याकाळी सुनंदाला शुद्ध आली. मी डबी तिच्या उशाशी ठेवून वाकलो, म्हटलं आता काहीतरी गोड, गहिरं ऐकायला मिळणार. तिने अर्धवट डोळे उघडले, माझे रिकामे हात पाहिले आणि अख्ख्या वॉर्डला ऐकू जाईल अशी ओरडली:

"अहो, परत लोणच्याच्या पिशवीत नाही ना ठेवलात त्याला?"