कायम वास्तव्याचा दाखला

गेल्या जानेवारीत, एका गुरुवारी सकाळी अकरा वाजता, पोलादपूर तालुक्यात उमरठच्या पुढच्या एका वाडीतून लीजवर घेतलेली पांढरी गाडी कंपनीने परत नेली. ताब्याच्या कागदावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. पुढची नावं बदललेली आहेत.

मी महाडला राहतो आणि फील्ड व्हेरिफिकेशन करतो. बँका आणि लीज कंपन्या आमच्या एजन्सीला पत्ते पाठवतात. त्या पत्त्यावर तो माणूस खरोखर राहतो का, एवढंच मी पाहायचं. शेजाऱ्यांना विचारायचं, घराचा फोटो काढायचा, रिपोर्ट पाठवायचा.

लीज म्हणजे लांब मुदतीचं भाडं. गाडी कंपनीच्या नावावर राहते. विमा आणि सर्व्हिसिंग कंपनीकडे. मुदत संपली की गाडी परत करायची. मात्र कंपनी ठरावीक शहरांतच गाड्या देते आणि प्रत्येक गाडीत ट्रॅकर असतो. त्या शहरांच्या यादीत पोलादपूर नाही. महाडही नाही.

सुरेश जाधव एका विनाअनुदानित शाळेत क्लार्क आहेत. पगार वेळेवर होत नसल्यामुळे बँकेने गाडीसाठी कर्ज दिलं नव्हतं. लीज कंपनीने पगाराची स्लिप मागितली नाही. तिला डिपॉझिट आणि यादीतल्या शहरातला पत्ता हवा होता. सुरेश यांची बहीण गुजरातेत वापीला दिलेली आहे. भावोजींनी आपल्या घरातल्या एका खोलीचा भाडेकरार सुरेश यांच्या नावाने करून दिला. गुजरात पासिंगची गाडी मिळाली.

गाडी पत्नीसाठी होती. रंजना जाधव यांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी आहेत. आठवड्यातून तीन वेळा महाडला डायलिसिस, सोमवार, बुधवार, शुक्रवार. वाडीपासून महाडचं सेंटर तीसेक किलोमीटर. सकाळची पाळी सातला सुरू होते. वाडीतून निघणारी पहिली एसटी धरली, तर महाडला पोचेपर्यंत पावणेदहा होतात.

लीज कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसमधून मॅडमचा फोन आला तो सोमवारी.

"गाडी डिलिव्हरीच्या दुसऱ्या दिवसापासून महाराष्ट्रात आहे. पाच महिने झाले. वापीत एक रात्र उभी नाही. जाऊन बघा."

"गाडी बघू की माणूस?"

"माणूस कुठे राहतो ते बघा. गाडी कुठे आहे ते आम्हाला इथून दिसतंय."

मंगळवारी गेलो. गाडी जांभळाखाली ताडपत्री घालून उभी होती. शेजारच्या यशोदाबाई अंगणात वाल निवडत होत्या.

"ढोकळ्याच्या चौकशीला आलाव काय?"

"कसला ढोकळा?"

"ही गाडी. नंबर गुजरातचा हाय ना. आमी ढोकळाच बोलतो तिला."

सुरेश घरीच होते. त्यांनी काही लपवलं नाही. "वापीला मी दोनदा गेलो, साहेब. एकदा सह्या करायला, एकदा गाडी आणायला."

आतून रंजनाताईंनी विचारलं, "पाहुण्यांना पाणी दिलंत का?" त्यांना स्वतःला दिवसाचं पाणी मोजून प्यावं लागत होतं. ओट्यावर त्यासाठी औषधाचं माप ठेवलेलं होतं.

करारात एक कलम होतं. गाडी दुसऱ्या राज्यात दोन महिने नेता येते आणि आजारपणाचं कारण असेल तर मुदत वाढवून मिळते. मी सुरेश यांना सांगितलं, "अर्ज लिहा. पत्नीच्या उपचारासाठी तात्पुरते गावी आलो आहोत, असं लिहा. डायलिसिसचे कागद जोडा. मी रिपोर्टमध्ये 'तात्पुरता मुक्काम' लिहितो."

"गाडी राहील?"

"काही महिने राहील. तोवर दुसरं काही बघा."

मुक्काम तात्पुरता नव्हता, हे आम्हा दोघांना माहीत होतं. त्यांनी अर्ज लिहिला. वाडीत फोन लागायचा, पण इंटरनेट चालत नव्हतं. रिपोर्ट महाडहून पाठवू असं ठरवून मी निघालो. निघताना नियमाप्रमाणे दोन शेजाऱ्यांना विचारलं, सुरेश जाधव इथे राहतात का. त्यातले एक ग्रामपंचायत सदस्य बाळाराम होते.

"म्हंजे? इथं नाय तर कुठं राहील?" एवढंच ते म्हणाले.

मी गेल्यावर बाळाराम यांनी वाडी जमवली. बाहेरून कोणी कागद घेऊन आला आणि माणूस इथला आहे का असं विचारू लागला, तर त्याला रहिवासी दाखला लागतो, हा वाडीचा आजवरचा अनुभव. दाखला नसेल तर रेशन अडतं, घरकुलाच्या यादीतून नाव जातं. सुरेशची गाडी दाखल्यावाचून अडली आहे, असं सगळ्यांनी धरलं. सुरेश तेव्हा पोलादपूरला औषधं आणायला गेले होते.

बुधवारी सकाळी मॅडमचा फोन.

"तुमचा रिपोर्ट आला. पण त्याआधी तुमच्या कस्टमरच्या गावाने काय पाठवलंय ते बघा."

सरपंचांच्या लेटरहेडवरचा दाखला होता. गाडीच्या काचेवर कंपनीचा हेल्पलाइन नंबर असतो. त्यावर पंचायतीच्या ऑफिसातून व्हॉट्सअ‍ॅप केला होता. मजकूर असा: सुरेश जाधव हे गेली बावीस वर्षे आमच्या वाडीत कायम वास्तव्यास असून एक दिवसही गाव सोडून बाहेर राहिलेले नाहीत. ते अत्यंत सज्जन असून वाडीतील सर्व आजारी माणसांना आपल्या गाडीने दवाखान्यात नेतात. खाली एकवीस सह्या, चार अंगठे आणि गोल शिक्का.

मी बाळाराम यांना फोन लावला.

"पोचला ना कागद?" ते म्हणाले. "आता काय अडचण नाय ना?"

"तुम्हाला पाठवायला कोणी सांगितलं?"

"सांगाया कशाला पायजे? तुमी इचारलंत, इथं राहतो का. मी बोललो, नुसतं तोंडानं सांगून काय उपेग? शिक्का पायजे."

मॅडमना मी डायलिसिसचं विचारलं. त्यांनी सुरेश यांचा अर्ज लीगलकडे पाठवला होता.

"लीगल काय म्हणालं?"

"पत्ता खोटा आहे म्हणाले. अर्जाचं दुसरं पान त्यांनी उघडलंच नाही."

पुढच्या गुरुवारी कंपनीचा ड्रायव्हर पुण्याहून आला. सुरेश यांनी किल्ली स्वतः आणून दिली. गाडीतल्या सामानाची यादी मी केली: उशी एक, चादर एक, प्लास्टिकचा टब एक. वाडीतली बरीच माणसं जमली होती. बाळाराम पुढे आले.

"सरपंचाचा शिक्का चालला नाय काय? मग ग्रामसेवकाचा आणतो. आज आणतो."

"नको, बाळारामदादा," सुरेश म्हणाले. "राहू दे."

मला त्यांनी बाजूला घेतलं. "दाखल्याचं यांना सांगू नका. मनाला लावून घेतील."

मी सांगितलं नाही. गाडी वळणाआड जाईपर्यंत यशोदाबाई रंजनाताईंचा हात धरून उभ्या होत्या.

मंगळवारी पुण्याहून कुरिअर आलं. सीटखाली रंजना जाधव यांची डायलिसिसची फाईल सापडली होती. यादी करताना ती माझ्या नजरेतून सुटली होती. मी सुरेश यांना फोन केला.

"सेंटरवरच ठेवा, साहेब. काल जमलं नाही. हिला स्टॉपपर्यंत चालवेना. उद्यासाठी जीप बघतोय."

फाईल मी त्याच दिवशी सेंटरवर दिली.

दहा दिवसांनी दुसऱ्या कामासाठी त्या इमारतीत गेलो. फाईल काउंटरच्या खणात होती. टेक्निशियन बाईंनी रजिस्टर बघून सांगितलं की गाडी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी रंजना जाधव एसटीने आल्या होत्या. पावणेदहाला पोचल्या. चार तासांऐवजी दोन तास मिळाले. दुपारच्या पाळीत जागा नव्हती. त्यानंतर त्या आलेल्या नाहीत.

सुरेश यांचा फोन लागला नाही.

सलग चार गैरहजेऱ्यांनंतर सकाळच्या पाळीतली ती जागा माणगावच्या एका पेशंटला देण्यात आली आहे.