शिनोलीच्या सोलरवर कुरडया

आमच्या लोणीच्या विहिरीवर सोलर पंप बसवायचं लेकानं ठरवलं. पण जमीन माझ्या नावावर, म्हणजे अर्जावर सही माझी. म्हटलं, आधी धाकट्या बहिणीचा पंप बघते. तिचा पंधरा दिवस नुसता थुंकतोय, हे फोनवर कळलं होतं. खरं तर नाही म्हणायचं ठरवूनच निघाले.

सकाळच्या एसटीनं मंचर, तिथून भीमाशंकरची गाडी. बायकांना अर्धं तिकीट, ऊन मात्र पूर्ण. जाणार असाल तर भाकरी बांधून न्या, स्टँडवर गार वडा खाण्यापेक्षा बरं. घोडेगाव सोडलं की डोंगर अंगावर येतात, मग शिनोली. पुढं शेतापर्यंत पायी.

बहीण, गया, बांधावरच उभी. टोमॅटोनं माना टाकलेल्या. म्हणाली, "बघ. सोलरच्या पाट्या तव्यागत तापल्यात अन् पाणी करंगळीएवढं."

तिनं आळे गावचा फिटर बोलावला होता. तो आला, पंपाकडं न बघता पाट्यांकडं गेला आणि हसत खालीच बसला. सगळ्या पाट्यांच्या खालच्या कडेला गयानं साडी अंथरून कुरडया वाळत घातल्या होत्या.

"मग? तिथं कोंबड्या पोचत न्हाईत. अन् खालची एक वळच झाकलीय, वरचं मोकळं हाय की."

फिटरनं एक ओली कुरडई तोंडात टाकली. "मावशी, ह्याला ऊब नको, उजेड लागतो. तापलं तर उलट जरा कमीच चालतं."

पाटीतल्या निळ्या चकत्यांना दोन थर असतात म्हणे. उजेड पडला की आतले बारीक कण सुटतात, थरांमधली हद्द त्यांना एकाच बाजूला जाऊ देते, मग ते तारेतून वळसा घालून परत येतात. तोच करंट. गयाला काही पटेना. मग मी बोलले.

"गये, बापाचं मेंढरांचं वाडगं आठव. उजेडानं मेंढरं बिचकली, पण दार एकाच बाजूनं उघडतं. मग लांबच्या वाटेनं फिरूनच घरी यायचं. वाटेत तुझा पंप वढायचा."

"अन् कुरडया?"

"वाट अरुंद, एकामागं एक चालल्यात. सावलीत एक अडली, की समदी रांग अडली."

"असंच समजा," फिटर म्हणाला. "फकस्त मेंढरं दिसत न्हाईत."

साडी काढली. कोरड्या फडक्यानं काच पुसली. धार मनगटाएवढी झाली.

"पंधरा दिस कंपनीला शिव्या दिल्यास," मी म्हटलं, "आता परत घे."

"दिलेलं मी परत घेत न्हाई."

संध्याकाळी लोणीला परतले आणि सही केली. वायर वाचावी म्हणून लेक विहिरीजवळच्या चिंचेखाली पाट्या लावणार होता. म्हटलं, तिथं सावली, आपल्या जुन्या वाडग्यात लाव. मेंढरं विकून वर्षं झाली, तरी ते मी कुणाला मोडू दिलं नव्हतं. पण दिवसभर ऊन तिथंच. दुसऱ्या दिवशी काटेरी कुंपण मीच ओढून काढलं.

आता पाट्या पुसायचं काम माझ्याकडं. कुरडया बाजेवर.