परातीला हात

बायजाबाईचा धंदा माझ्या आळसातून जन्माला आला, हे रोह्यात फारसं कुणाला माहीत नाही. मी शाळेत शिकवत होते. घरात दोन मुलं, सासरे, आणि श्रावणी सोमवारी बिरडं हवंच हा सासऱ्यांचा हट्ट. कडवे वाल भिजवा, फडक्यात बांधून मोड आणा, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा दोन बोटांत दाबून सालातून सोडवा. एवढा खटाटोप करून जेवताना पहिल्या वाढीतच पातेलं रिकामं. माझा जीव मेटाकुटीला यायचा.

बायजाबाई वरसे गावची. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. भात कापलं की त्याच शेतात उरलेल्या ओलीवर ती वाल पेरायची आणि रोह्याच्या बाजारात मापट्याने विकायची. पुढे धाटावला कारखाने आले, माणसं वाढली, वाण्याकडे पिशवीतले वाल आले. टपोरे आणि स्वस्त. चव म्हणाल तर देवाचं नाव घ्या. तरी लोक तेच नेऊ लागले आणि बायजाबाईची टोपली दुपारपर्यंत भरलेलीच राहू लागली. एक्याऐंशी साल असेल. एका रविवारी मी तिला म्हटलं, "बायजाबाई, सोलून द्याल तर दुप्पट पैसे देईन."

ती हसली. "सोललेलं कोन इकत घेतंय बाई? बायकांना काय हात नायत?"

"हात आहेत हो, वेळ नाही."

पुढच्या रविवारी तिने केळीच्या पानात बांधून दोन वाट्या बिरडं आणलं. ते पाहून शेजारच्या नर्सबाईंनी मागितलं, नर्सबाईंचं पाहून बँकेतल्या बाईंनी. वर्षाच्या आत सुके वाल विकणं बंद झालं. बाजारातली जागा सोडून ती सकाळी साडेसहाला एस.टी. स्टँडपाशी बसू लागली, कारण पहिल्या शिफ्टची माणसं तिथूनच जायची. सुक्या वालाला जे मिळायचं त्याच्या तिप्पट आता मिळत होतं. आमच्या शाळेतले सर नफा-तोटा शिकवताना जो हिशेब मांडत फळा भरून टाकत, तो या बाईने दोन वाट्यांत करून दाखवला. आणि सल्ला माझा, म्हणून मी मनातल्या मनात मिरवत होते.

आता परातीबद्दल सांगायला हवं. वरसे गावात वाल सोलायला कुणी कुणाला बोलावत नसे. भिजलेल्या वालांची परात पडवीत आणायची, भोवती पाट मांडायचे, बस. जिला दिसेल तिने यायचं, परातीला हात लावायचा आणि जाताना वाटीभर बिरडं पदराखाली घेऊन जायचं. एखादी दारात घुटमळली तरच तिला "हात लाव गो" म्हणायचं. बायजाबाईच्या परातीवर न चुकता बसणारी म्हणजे तिची थोरली जाऊ, धोंडुबाई. बाजूच्याच दारात राहायची. परात विक्रीची झाली तरी धोंडुबाईला त्याचं काही नव्हतं. दुपारी भांडी झाली की ती येऊन बसे. दोघी तीन तास सोलत, आणि बोलणं असं की सासूपासून सरपंचापर्यंत कुणाचीही सुटका नाही.

एकदा मी पैसे द्यायला बायजाबाईच्या घरी गेले. दोघी सोलत होत्या. मीही सहज परातीकडे वाकले, तर बायजाबाई घाईने म्हणाली, "तुम्ही नको बाई. तुम्ही गिऱ्हाईक." मी हात मागे घेतला. निघताना ती मला अंगणापर्यंत सोडायला आली, तेव्हा मात्र माझी जीभ गप्प बसली नाही.

"धोंडुबाई रोज तीन तास राबतात," मी म्हटलं. "माल तुमचा विकला जातो. त्यांना काही द्यायला हवं. फुकटची मेहनत घेऊ नये कुणाची."

"व्हय, ते बी खरंच," ती म्हणाली.

मी न्यायाची गोष्ट केली होती. आजही म्हणेन, न्यायाचीच होती.

पुढे काय झालं ते बायजाबाईनेच मला सांगितलं. त्या शनिवारी परात संपल्यावर तिने पाच रुपयांची नोट जावेपुढे धरली. धोंडुबाईने बोटांना चिकटलेली सालं झटकली. "मी मजुरीला येत व्हते व्हय गो?" एवढंच म्हणाली. नोट वाऱ्याने उडू नये म्हणून परातीच्या काठाखाली सरकवली आणि आपल्या दारात निघून गेली. दुसऱ्या दिवशी परात पडवीत आली, पाट मांडले गेले, पण बाजूचं दार काही उघडलं नाही.

भांडण झालं असतं तर बरं होतं, भांडण मिटतं तरी. इथे दोघी एकमेकींशी बोलत होत्या. नळाला पाणी आलं का, धोंडुबाईच्या मुलाचा, नाथाचा, ताप उतरला का, सगळं. धोंडुबाई परातीजवळ तेवढी येत नव्हती. हळूहळू इतरही बायका थांबल्या. बायजाबाईच्या परातीला आता मजुरी आहे, हे गावभर झालं. ज्यांना मजुरी हवी होती त्या वाल घरी नेत आणि टी.व्ही.पुढे सोलून परत आणून देत. ज्यांना नको होती त्या यायच्याच बंद झाल्या. धंदा वाढला. एका कँटीनने श्रावणातल्या दर सोमवारचं दहा किलो बांधून घेतलं. आणि पडवीत बायजाबाई एकटी.

मी तिला एकदा म्हटलं, "जाऊन माफी मागा ना."

"कशाची मागू? पैसं दिलं म्हनून? मग उद्या फुकट राबवू तिला?" ती सोलता सोलता म्हणाली. "दिलं तरी खोटं, नाय दिलं तरी खोटं."

पुढे नाथाने पेणला फ्लॅट घेतला आणि आईला तिकडे नेलं. बाजूच्या दाराला कुलूप लागलं, तरी बायजाबाई पाट दोन मांडायची. मी विचारलं तर म्हणाली, "असूं दे. परातीला बरं दिसतं." त्या दिवशी घरी येताना मला माझीच फार लाज वाटली.

माझी मालती लग्न होऊन पेणला गेली, तेव्हा मी एक रविवार आड तिच्याकडे जाऊ लागले. एकदा बायजाबाईने माझ्या पुड्याबरोबर आणखी एक पुडा दिला. "नाथाला आवडतं लय. टाकाल काय त्याच्याकडं?" पुडा खरा कुणासाठी आहे, हे विचारण्याइतकी मी खुळी नव्हते.

पेणच्या फ्लॅटमध्ये धोंडुबाई खिडकीशी बसली होती. पुडा उघडून तिने चार दाणे तळहातावर घेतले. प्रत्येक दाण्याच्या टोकाला नखाची बारीक खूण होती.

"तिचा अंगठा अजून तसाच लागतो," ती म्हणाली. मग दाणे पुड्यात परत टाकत विचारलं, "एकटीच बसते व्हय?"

"एकटीच."

तिने पुडा मिटून माझ्या हातात परत दिला. मला वाटलं, संपलं. पण ती म्हणाली, "सोललेलं नको. तिला सांगा, आख्खे धाडून दे."

बायजाबाईला मी हा निरोप सांगितला. पुढच्या खेपेला ओल्या फडक्यात मोड आलेले वाल बांधून तिने माझ्या पिशवीत ठेवले. त्या दुपारी धोंडुबाई फ्लॅटच्या फरशीवर मांडी घालून सोलत बसली. "आई, सोललेले विकत मिळतात की," सून म्हणाली. धोंडुबाईने मान वर केली नाही. निम्मे झाल्यावर ती थांबली. सोललेले एका फडक्यात बांधले, उरलेले दुसऱ्या. "हे माझं झालं. हे तिचं राहिलं."

संध्याकाळच्या गाडीने मी रोह्याला उतरले ती तशीच वरशाला गेले. बायजाबाईने दोन्ही गाठी सोडल्या. सोललेल्या दाण्यांवरून नुसता हात फिरवला. विक्रीची मोठी परात बाजूला सारली आणि घरातून लहान ताट आणलं. मग आपल्या पाटावर बसून उरलेले सोलायला घेतले. मी सवयीने पाकीट काढलं.

"हे इकायचं नाय," ती म्हणाली.

पाकीट हातात घेऊन मी दारातच उभी राहिले. जावं की थांबावं कळेना. तिने वर पाहिलं. वीस वर्षं मी तिची बाई होते, गिऱ्हाईक होते, अहोजाहो होते.

"हात लाव गो," ती म्हणाली.

मी धोंडुबाईच्या पाटावर बसले आणि एक दाणा उचलून दाबला. इतकी वर्षं सोललेलं विकत खाल्लेल्या माझ्या बोटांत तो सालासकट चिरडला. बायजाबाईने तो माझ्या हातातून काढून घेतला आणि दुसरा दिला.