बॅटरीचे पाणी

आदरणीय त्रिंबकराव खोसरे, म्हणजे आम्हा सगळ्यांचे अण्णा, यांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली. मांजरसुंब्याजवळच्या आमच्या कापसाच्या सहकारी जिनिंग संस्थेत मी स्टोअरकीपर होतो. एक साध्या पायजम्यातले गृहस्थ खिडकीशी आले आणि पाना मागू लागले. मी खेकसलो, "चिठ्ठी आणा. चिठ्ठीबिगर माझा बाप आला तरी खिळा मिळायचा न्हाई!" गृहस्थांनी शांतपणे कागद मागून घेतला, चिठ्ठी लिहिली आणि खाली सही केली. सहीखाली शब्द होता, व्यवस्थापक. त्याच दिवशी रुजू झालेले नवे साहेब ते हेच! अण्णा मात्र म्हणाले, "नियम चांगला आहे तुमचा. मोडू नका." आणि पाना घेऊन निघून गेले.

त्या वर्षांत पावसाने पाठ फिरवली होती. गावोगाव टँकर चालू, निम्मी माणसे ऊसतोडीला गेलेली. अशा दिवसांत संस्थेने कापसाच्या गाठी आवारातच कंटेनरमध्ये भरून थेट बंदराकडे पाठवायचे ठरवले. गाठी आत नेऊन रचायला फोर्कलिफ्ट हवी, यावर एकमत झाले. ती डिझेलची घ्यायची की बॅटरीची, यावर मात्र महिनाभर जुंपली. डिझेलवाल्यांचा पुढारी मी. "अण्णा, हितं लाईटीचा काय भरवसा हाय? डिझेल वतलं की चाललं गाडं!"

अण्णा तोंडाने वाद घालणाऱ्यांतले नव्हेत. दाखवायला आणलेली डिझेलची मशीन त्यांनी कामाला लावली आणि हमालांबरोबर स्वतः कंटेनरच्या आत जाऊन उभे राहिले. शेवटची गाठ रचेपर्यंत हलले नाहीत. चहूकडून पत्रा, धूर जायला एकच तोंड. बाहेर आले तेव्हा डोळ्यांतून धारा, नाक पुसलेला रुमाल काळाकुट्ट. "मी एक कंटेनर भरेपर्यंत उभा राहिलो. हे लोक रोज उभे राहणार," एवढेच बोलले. लाईट कधी येते, कधी जाते, हे त्यांनी आधीच वहीत टिपून ठेवले होते. येते तेवढ्यात चार्जिंग भागते, हे त्यांनी दाखवून दिले आणि बॅटरीची मशीन आली. भरलेले कंटेनर उघड्यावर उचलायला मात्र भाड्याची डिझेल क्रेनच ठेवली. हट्टासाठी हट्ट अण्णांचा कधी नसतो.

मला ही हार पचली नाही. त्यात मशीन चालवायला अण्णांनी कौसाबाईंना निवडले. कौसाबाई केज तालुक्यातल्या, दर साल नवऱ्यासोबत कोयता घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या. मी सगळ्यांदेखत खो खो हसलो. दोन महिन्यांत त्याच कौसाबाई गाठीवर गाठ अशी अलगद ठेवू लागल्या की हमाल कामे थांबवून बघत. त्या वर्षी त्यांचे बिऱ्हाड पहिल्यांदाच उसाच्या फडावर गेले नाही, लेकरे शाळेत राहिली.

आता सांगतो ते मी आजवर कुणाला सांगितलेले नाही.

त्या बॅटरीत अधूनमधून डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे क्षार काढलेले पाणी, घालावे लागते. ते मागवायची चिठ्ठी कौसाबाईंनी नुकत्याच गिरवलेल्या अक्षरांत लिहून मला दिली. मी ती टेबलाच्या काचेखाली सरकवली. त्या पुन्हा आल्या. "दादा, मशीनचं पानी लई खाली गेलंय." मी नुसते "येईल, येईल" म्हणत राहिलो. विसरलो, असे मी स्वतःला बजावत आलो. साफ खोटे आहे ते. बॅटरी बंद पडावी आणि माझे डिझेल यावे, हेच माझ्या मनात होते.

शेवटी कौसाबाईंनी टँकरच्या दिवसांत आपली माणसे करतात तेच केले. तहानलेल्याला घरातले पाणी दिले. बाया आणि हमाल यांनी प्यायला आणलेल्या पाण्यातून तांब्या तांब्या काढून बॅटरी भरली, आणि दिवसभर सगळे कोरड्या घशाने राबले. पाणी बोअरचे, खारे. थोड्याच दिवसांत मशीनचा दम गेला. बीडहून आलेल्या मिस्त्रींनी झाकण उघडले आणि कपाळावर हात मारला.

संचालकांची बैठक बसली. "बाईला काढा अन् डिझेलचं आणा," हाच सूर. एक जण कडाडले, "कुणाला इचारून वतलं ते पानी?" दारात उभ्या कौसाबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. मीही घातली. हे काम गेले की त्यांच्या हातात पुन्हा कोयता, हे मला पक्के ठाऊक होते. तरी तोंड उघडले नाही.

अण्णा उठले. "मशीन मी आणली. तिच्यात काय घालायचं, काय नाही, हे सगळ्यांना समजावणं माझं काम होतं. ते राहिलं. आणि असल्या दुष्काळात स्वतःच्या तोंडचं पाणी संस्थेच्या मशीनला देणारं माणूस काढायचं असेल, तर आधी मला मोकळं करा." संचालकांनी विषय तिथेच मिटवला. कौसाबाई राहिल्या, बॅटरीही राहिली. ती दुरुस्त होईपर्यंत गाठी हातगाड्यांवरून गेल्या आणि अण्णा रोज गाडा ढकलायला हजर असत.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी अण्णा माझ्या टेबलाशी आले. काच उचलली, चिठ्ठी काढली, घडी घालून खिशात ठेवली. "ते पाणी आणायला बीडला चाललोय. येता?" जीपमध्ये मी शिव्यांची वाट पाहत बसलो. अण्णा सगळ्या वाटेत माझ्या मुलीच्या परीक्षेची चौकशी करत होते. त्यापेक्षा दोन मुस्काटात दिल्या असत्या तर बरे वाटले असते!

हा लेख लिहायला बसण्याआधी मी कौसाबाईंच्या गावी गेलो. आज त्या इतर बायांना मशीन शिकवतात. दारातच म्हणालो, "बाई, ती चिठ्ठी मी मुद्दाम दाबली होती." त्या हसल्या. "ठावं हाय की, दादा. मी बैठकीत सांगनारच व्हते. पर आदल्या दिशी अण्णा म्हणले, 'बाई, तुमचं काम मी जाऊ देत न्हाई. चिठ्ठीचं मात्र त्यांचं त्यांना सांगू द्या. सांगतील ते.'" घरी आलो आणि त्याच रात्री हा लेख लिहायला घेतला.

अण्णा, सांगितले. उशीर फार झाला, पण छापून, सगळ्यांसमोर सांगितले. तुमच्या पंचाहत्तरीला आणण्यासारखे माझ्यापाशी दुसरे काही नव्हते. गाडा ढकलायचे ते बळ अंगात तसेच राहो, डोळे, गुडघे शाबूत राहोत, आणि शंभरीचा लेखही मलाच लिहायला मिळो. ती चिठ्ठी अजून तुमच्यापाशी असेल, तर तेवढी परत द्या. तिच्यावर कौसाबाईंची सही आहे, माझी करायची राहिली आहे.