शंकरसिंगांच्या बंदुकीचा घोडा

कनेरगाव नाक्याजवळच्या तांड्यावर शंकरसिंगांकडे आज्याच्या काळची ठासणीची बंदूक आहे, रानडुकरं हाकलायला, परवान्याची. निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा करावी लागते. शंकरसिंग दर वेळी तिचा घोडा काढून घरी ज्वारीच्या डब्यात ठेवायचे आणि उरलेली बंदूक नेऊन द्यायचे. यंदा नव्या ठाणेदारानं विचारलं, घोडा कुठाय?

"घरी हाये, साहेब. परत यायला काहीतरी घरी ठेवावं लागते."

सोबत नात रुपा होती. ती शाळेत इंग्रजी शिकवते. तिला हसू आवरेना.

"आबा, इंग्रजीत 'लॉक, स्टॉक अँड बॅरल' म्हणतात. जुन्या बंदुकीचे हे तीन भाग: घोड्याचा खटका, लाकडी दस्ता अन् नळी. तिन्ही आले की बंदूक पुरी. म्हणून मागं काहीच न ठेवता सगळं देऊन टाकलं, की लोक तसं म्हणतात."

शंकरसिंग भलतेच खूश झाले. दुसऱ्याच दिवशी घोडाही जमा केला. मग सोयाबीन विकलं तरी लाक-स्टाक-बॅरल, पंगत उठली तरी लाक-स्टाक-बॅरल. सगळा तांडा वैतागला.

उन्हाळ्यात रुपाचं लग्न झालं. तिची पेटी गाडीत चढवताना आबांनी व्याह्यांना छाती फुगवून सांगितलं, "लाक, स्टाक, बॅरल. काई ठेवलं न्हाई मागं."

सासरी रुपानं पेटी उघडली, तर पैंजण एकच. ती एकटीच हसत बसली. दुसरं कोणत्या डब्यात आहे, हे तिला कोणाला विचारावं लागलं नाही.