एका वेळी एकच त्रुटी

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार आहेत ते माझ्या आत्याचे. आईवडील वर्षातले सहा महिने ऊसतोडीला जायचे, त्या काळात मी तिच्याकडे असायचो. शाळेतून पळून आलो की हाताला धरून परत नेऊन बसवणारी तीच. बारावीनंतर परभणीच्या कॉलेजात कॉम्प्युटरला माझं नाव घालायला गेली तीही तीच, पायात तुटकी चप्पल घालून. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. हे सगळं मी नुसत्या कृतज्ञतेपोटी लिहितोय असं म्हणायला मला आवडलं असतं. पण मी सूड कसा घेतला, त्याची ही हकीकत आहे.

आत्या दुसऱ्यांच्या शेळ्या अर्धलीनं सांभाळायची. म्हणजे राखायच्या तिनं आणि पिलं झाली की निम्मी मालकाची. स्वतःच्या शेळ्या असाव्यात एवढंच तिचं मागणं होतं. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना शासनाची अनुदानावर शेळ्यांचा गट द्यायची योजना आली. अर्ज मीच भरला. ती देवगाव फाट्यावरून जीप धरून तालुक्याच्या कार्यालयात गेली. टेबलावरच्या बाबूंनी कागद न चाळताच परत दिले.

"रेशन कार्डाची झेरॉक्स पुसट हाय, बाई. पुढच्या आठवड्यात या."

पुढच्या आठवड्यात रहिवासी दाखला जुना निघाला. त्याच्या पुढच्या आठवड्यात पासबुकाचं पहिलं पान नव्हतं. सरकारी भाषेत याला 'त्रुटी' म्हणतात. त्रुटी एकदम सांगायच्या नाहीत, एका खेपेला एकच सांगायची, ही त्या टेबलाची रीत होती. पाचव्या खेपेला मी सोबत होतो. अर्जाचा कोपरा जरा फाटला होता. बाबू मोठ्यानं म्हणाले, "काय बाई, तुझ्या शेळ्यांनीच अर्ज खाल्ला का?" सगळं कार्यालय हसलं. सहाव्या खेपेला ते म्हणाले, लक्ष्यांक संपला. म्हणजे त्या वर्षी जेवढ्या लोकांना लाभ द्यायचा होता, तेवढे भरले होते.

कार्यालय हसलं त्या दिवशी परतताना जीपमध्ये आत्या म्हणाली, "हसू दे रे. तू तुझी परीक्षा बघ."

मी परीक्षा बघितली. पण ते हसणं मी विसरलो नाही, आणि विसरायचा प्रयत्नही केला नाही.

पुढे मी एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत लागलो आणि आमच्या कंपनीला जिल्ह्यातल्या अनुदानाच्या अर्जांचं पोर्टल बनवायचं काम मिळालं. कार्यालयाला काय काय हवं, त्याची यादी आधी येते. तिला आम्ही रिक्वायरमेंट म्हणतो. अर्ज परत पाठवायचं बटण त्या यादीत होतं. त्या बटणाला मी माझ्या मनानं दोन अटी घातल्या. जोडलेला प्रत्येक कागद उघडून बघितल्याशिवाय ते बटण चालणार नाही. आणि सगळ्या त्रुटी एकदाच लिहायच्या, दुसऱ्यांदा परत पाठवायचा असेल तर वरिष्ठांची परवानगी लागेल. अशा अटीला आमच्याकडे व्हॅलिडेशन म्हणतात. मी ते लिहीत होतो तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर एकच माणूस होता.

तालुक्यांतून लगेच तक्रार आली की या अटी गैरसोयीच्या आहेत, काढून टाका. निर्णय चाचणीच्या दिवशी व्हायचा होता. वापरणाऱ्यांनी पोर्टल स्वतः चालवून बघायचं आणि जिल्ह्याच्या साहेबांनी ठरवायचं. अटी गेल्या असत्या तर आत्याचा नवा अर्ज पुन्हा त्याच टेबलावर जाऊन त्याच रीतीनं फिरला असता. ती अजून लोकांच्याच शेळ्या राखत होती.

परभणीच्या सभागृहात तालुक्यातालुक्यांचे लिपिक आले होते. ते बाबूही होते. केस पिकले होते, एक गुडघा धरून चालत होते. त्यांनी मला ओळखलं नाही. मी मुद्दाम त्यांनाच पुढे बोलावलं.

"या काका, तुमचा अनुभव मोठा. तुम्हीच चालवून दाखवा."

चाचणीसाठी मी आत्याचेच जुने कागद स्कॅन करून ठेवले होते, नाव तेवढं बदललं होतं. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दिसत होतं. बाबूंनी अर्ज उघडला, एकाही कागदाला हात लावला नाही, खाली 'रेशन कार्ड पुसट' असं लिहिलं आणि बटण दाबलं. इतक्या वर्षांची सवय. पडद्यावर लाल अक्षरं आली: 'रेशन कार्ड अद्याप उघडलेले नाही.'

मागून जिंतूरकडचा कुणीतरी म्हणाला, "काका न बघताच सांगायलेत! लय पोहोचलेला माणूस!" सभागृह हसलं. या वेळी मीही हसलो.

जिल्ह्याचे साहेब हसले नाहीत. त्यांनी मला विचारलं, "ही अट कुणी सांगितली?"

"लाभार्थ्यानं, सर."

"राहू द्या. दोन्ही राहू द्या."

इथं मी थांबायला हवं होतं, असं कुणी म्हणेल. मी थांबलो नाही. चाचणीचा अहवाल प्रत्येक लिपिकानं खालच्या मजल्यावर टाइप करून, छापून माझ्याकडे आणून द्यायचा होता. बाबूंनी आणला. मी म्हणालो, "तारीख नाही. पेननं चालणार नाही, नवीन प्रिंट आणा." ते उतरले, चढून आले. मी म्हणालो, "पदनाम राहिलं." पुन्हा उतरले, पुन्हा आले. "तालुका लिहिला नाहीत."

ते कठड्याला टेकले. "साहेब, सगळं एकदाच सांगायचं की ओ! गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलंय मला."

"सांगता आलं असतं," मी म्हणालो. मग देवगाव फाट्यावरून येणाऱ्या बाईची, फाटक्या कोपऱ्याची आठवण दिली.

त्यांनी गुडघा चोळला. "कोण बाई? लय बाया यायच्या, साहेब."

त्यांना खरंच आठवत नव्हतं. मी त्यांना तिसऱ्यांदा खाली पाठवलं.

त्याच आठवड्यात मी आत्याला पत्र लिहिलं. ती मोठी अक्षरं सावकाश का होईना वाचते, म्हणून फोन केला नाही. पुन्हा पुन्हा वाचता यावं असं काहीतरी तिच्याजवळ राहावं, असं वाटलं.

"आत्या, पाया पडतो.

त्या बाबूची गाठ पडली. जसा तो तुझ्याशी वागला तसा मी त्याच्याशी वागलो. दुखऱ्या गुडघ्यानं तीनदा जिना चढायला लावला. तू म्हणशील, म्हाताऱ्या माणसाला कशाला तरास दिला. दिला. मला वाईट वाटलं न्हाई, आणि तुला खोटं लिहायचं न्हाई. तू त्याला आठवत न्हाईस. त्याचा राग मला जास्त आला.

तुझा अर्ज मी भरलाय. परत आलाच तर एकदाच येईल, आणि काय काय राहिलं ते सगळं त्यात लिहिलेलं असंल.

मंजुरी आली की शेळ्या बघायला खरेदी समितीचे साहेब तुला सोबत नेतील. ते दाखवतील ती घेऊ नको. दात बघ, कास बघ, चालवून बघ. मनाला आली न्हाई तर परत कर. दुसरी आणली, तीबी आली न्हाई तर तीबी परत कर. किती का खेपा होईनात. कारण सांगू नको.

तुझा भाचा"