तीनशे पुस्तकांना घातलेली कव्हरं

मी एका रविवारात एका शाळेच्या दोनशे अठ्ठ्याऐंशी पुस्तकांची नावं बदलली.

शाळा माझी नव्हती, पुस्तकंही माझी नव्हती. बायको मात्र माझीच होती आणि ती त्या शाळेत ग्रंथपाल होती. या गोष्टीला तीस वर्षांहून जास्त काळ लोटला. ज्यांच्यासमोर कबुली द्यायला हवी होती, त्यांच्यापैकी बरेचजण आता राहिले नाहीत. म्हणून तुमच्यासमोर देतो. (उशीर झाला, मान्य आहे. पण मी सरकारी कारकून होतो. आमच्याकडून कागद याहून उशिरा निघालेले मी पाहिले आहेत.)

तेव्हा आम्ही पनवेलच्या जुन्या बाजारामागे दोन खोल्यांत राहायचो. मी, आई, बाबा आणि आठ महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली शुभदा. बाबा अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, मी कनिष्ठ कारकून म्हणून नुकताच चिकटलेला. म्हणजे नोंदवही ही आमच्या घरात जवळजवळ कुलदेवताच!

शुभदाच्या शाळेच्या ग्रंथालयाला त्या वर्षी पंचवीस वर्षं होत होती. आणि नेमकी त्याच वर्षी संस्थेच्या अध्यक्षांना ग्रंथालयाची खोली कॉम्प्युटरसाठी हवी होती. कॉम्प्युटर एकच येणार होता. एकच! पण त्याला म्हणे एसी लागतो, पडदे लागतात, आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागतात. थोडक्यात देव येणार होता आणि त्याला गाभारा हवा होता. पुस्तकं जाणार होती जिन्याखालच्या कोठडीत, जिथे दर पावसाळ्यात घोट्याएवढं पाणी साचायचं.

"मुलं वाचतात कुठे हल्ली?" असं अध्यक्षांचं म्हणणं.

"वाचतात, सर. तुम्ही एकदा येऊन बघा," असं शुभदाचं.

शेवटी मुख्याध्यापकांनी मधला मार्ग काढला. पंचविशी साजरी करायची, अध्यक्षांनी यायचं, बघायचं आणि खोलीचं तिथेच काय ते ठरवायचं. शुभदानं कार्यक्रमही मोठ्या हिमतीचा आखला. पाठांतर नाही, तालीम नाही. पुस्तक हातात घ्यायचं आणि जे पान उघडेल ते मोठ्यानं वाचायचं. मुलांनीही आणि पाहुण्यांनीही. पाहुणे होते उरणजवळच्या चिरनेरकडचे हिराजीबाबा. १९३० साली तिथला जंगल सत्याग्रह झाला तेव्हा ते दहा-अकरा वर्षांचे होते आणि त्या दिवशी रानात होते. त्यांनी सत्याग्रहाच्या पुस्तकातलं एक पान वाचावं, असं ठरलं.

अडचण एकच होती. पुस्तकांची दशा बघवत नव्हती. शनिवारी जेवताना शुभदा म्हणाली, "निदान तीनशे पुस्तकांना तरी कव्हरं घालायला हवीत हो."

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला.

"किती म्हणालीस?"

"तीनशे, बाबा."

"नोंदवही आहे?"

"आहे."

"मग झालं! उद्या सकाळी सगळी पुस्तकं घरी आण."

निवृत्तीनंतर चार वर्षांनी त्या माणसाला काम मिळालं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज मी माझ्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

रविवारी सकाळी दोन रिक्षांतून पुस्तकं आली. आईनं मोठ्या पातेल्यात मैद्याची खळ शिजवली. बाबांनी तिच्यात कसर लागू नये म्हणून मोरचूद टाकलं.

"अहो, ते विष आहे! माझं दुधाचं पातेलं होतं ते!"

"आता ते ग्रंथालयाचं पातेलं आहे," बाबा म्हणाले आणि ब्राऊन पेपर फाडायला बसले.

कामाची पद्धत बाबांनी ठरवली. नोंदवहीच्या क्रमानं पंचवीस-पंचवीस पुस्तकांचे बारा गठ्ठे. कव्हर बाबा घालणार, आणि नोंदवहीत बघून सुवाच्य अक्षरात नावाची लेबलं लिहून चिकटवणार मी. (अक्षर माझं खरोखरच चांगलं होतं. दुसरं काहीच चांगलं नसल्यामुळे मी ते जपलं होतं.)

दुपारी शुभदा सजावटीसाठी शाळेत निघाली. जाताना म्हणाली, "अहो, लेबल लावताना आतलं नाव एकदा बघा हं."

"बघतो."

"काही बघायचं नाही!" बाबा कडाडले. "खळ ओली आहे. आत्ता उघडलंस तर कव्हराला सुरकुत्या पडतील. नोंदवहीत पहिलं ते पहिलं, दुसरं ते दुसरं. कारकुनानं वस्तूकडे बघायचं नसतं, नोंदीकडे बघायचं!"

मला ते शंभर टक्के पटलं. आता झालं ते असं. बाबा पहिल्या पुस्तकाला कव्हर घालून खाली ठेवत, त्यावर दुसरं, त्यावर तिसरं. म्हणजे पंचविसावं सगळ्यात वर. मी गठ्ठा पुढे ओढायचो आणि वरच्या पुस्तकापासून सुरुवात करून पहिलं लेबल लावायचो! पहिल्याचं नाव पंचविसाव्याला, पंचविसाव्याचं पहिल्याला. प्रत्येक गठ्ठ्यातलं तेरावं पुस्तक तेवढं बरोबर मधोमध आल्यामुळे वाचलं. बारा गठ्ठ्यांतली बारा पुस्तकं. त्यांचं श्रेय मी आजही घेतो.

सोमवारी सकाळी शाळेच्या सभागृहात पुस्तकं टेबलावर मांडली गेली. तीनशे कोरी करकरीत कव्हरं! अध्यक्ष आत येताच थबकले. "वा! शिस्त दिसते." तिसऱ्या रांगेत आमचे बाबा शेजारच्या अनोळखी गृहस्थांना म्हणाले, "कव्हरं आमच्याकडची."

पहिली आली सातवीतली वंदना. तिच्या हातात 'मुलांसाठी नवी गाणी'. हावभावांसह वाच, असं तिला बजावलेलं. तिनं पान उघडलं, क्षणभर डोळे मोठे केले. पण बाईंनी सांगितलं होतं, जे उघडेल ते!

"प्रथम मेन स्विच बंद करावा!" (उजवा हात झर्रकन खाली.) "ओल्या हाताने वायरीस स्पर्श करू नये!" (दोन्ही हात छातीशी, मान तिरकी.) "अन्यथा जोराचा धक्का बसून..." इथे तिनं एक सुंदर गिरकी घेतली.

पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. अध्यक्ष मुख्याध्यापकांकडे वाकून म्हणाले, "नवकविता का?"

शुभदानं टेबलावरचं एक पुस्तक उघडलं, मिटलं. दुसरं उघडलं, मिटलं. मग माझ्याकडे पाहिलं. लग्नाच्या आठ महिन्यांत तिनं माझ्याकडे तसं कधी पाहिलं नव्हतं. (नंतर पुष्कळदा पाहिलं.)

पुढचा मान अध्यक्षांचा. त्यांच्यासाठी काढून ठेवलं होतं 'आमचे संस्थापक'. संस्थापक म्हणजे अध्यक्षांचे दिवंगत वडील.

"सर, वेळ कमी आहे, तुम्ही थेट भाषणच..." शुभदा पुढे झाली.

"छे छे! नियम म्हणजे नियम." त्यांनी चष्मा लावला, घसा साफ केला, पुस्तक मध्येच उघडलं आणि भरल्या आवाजात सुरुवात केली. "सुरुवातीस तोंडातून सतत लाळ गळते..."

अध्यक्ष सुरू केलेलं वाक्य अर्धवट न सोडणाऱ्यांपैकी होते. "...चाऱ्यावरची वासना उडते, आणि मागील पायाने लंगडत..."

आई माझ्या कानाशी लागली. "कुणाबद्दल चाललंय रे?"

"त्यांच्या वडिलांबद्दल."

"अगं बाई! शेवटी फार हाल झाले म्हणायचे त्यांचे!"

आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात गठ्ठा उलटा झाला. जनावरांचे आजार जर 'आमचे संस्थापक' या नावाखाली असतील, तर संस्थापक कुठे असतील? मी टेबलाकडे पाहिलं. पुढच्याच रांगेत, अध्यक्षांच्या हातापासून वीतभर अंतरावर, माझ्या मोत्यासारख्या अक्षरात उभे होते 'जनावरांचे आजार'!

"आई," मी कुजबुजलो, "ते पुस्तक आण. कसंही करून."

आई उठली, टेबलाजवळ जाऊन दोन-चार पुस्तकं कौतुकानं चाचपली, ते पदराखाली घेतलं आणि परत येऊन त्यावर बसली. पुढचा तासभर संस्थापक माझ्या आईखाली होते.

"अगं ऊठ, कव्हर दबेल!" बाबा.

"दबू दे!"

इकडे अध्यक्षांचा चेहरा लाल झाला होता. "हे तुमचं ग्रंथालय? पंचवीस वर्षांत पुस्तकांना नावंसुद्धा धड देता येत नाहीत? कोणी केलं हे?"

"चूक माझी आहे, सर," शुभदा म्हणाली.

मी उठायला हवं होतं. उठलो नाही. पायाला मुंग्या आल्या होत्या, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. पायाला काही झालं नव्हतं. माझी नोकरी नवी होती, अध्यक्ष मोठे होते आणि मी भित्रा होतो. ती एकटी उभी होती, आणि खोली गेल्यातच जमा होती.

मुख्याध्यापकांनी घाईघाईनं हिराजीबाबांना पुढे आणलं. शुभदाला काही सुचेना. तिनं ठरलेलं पुस्तक तसंच त्यांच्या हातात दिलं. मी मनातल्या मनात हिशोब केला. त्या गठ्ठ्यात सत्याग्रहासमोर येत होतं कोंबडीपालन!

हिराजीबाबांनी पान उघडलं. पहिल्या ओळीवरून बोट फिरवलं. मग एकदा शुभदाकडे पाहिलं, बोटाला थुंकी लावली आणि वाचायला लागले.

"तवा मी ह्या पोरीएवढा व्हतो. बापूस बोलला, तू घरीच रव. मी नाय रवलो. आयेचा कोयता कमरेला लावला नि निंगालो. कोयता माज्यापेक्षा जड!"

पोरं हसली. त्यांनी पान उलटलं.

"बंदुकीचा आवाज आला, तवा मना वाटला कोन फटाके लावतंय. बापसानं मना करवंदीचे जालीत ढकलला नि बोलला, हलू नको. मी हललो नाय. आंगात काटे, हातात कोयता. सांज जाली तवा बापूस मना शोधीत आला. हसत पन व्हता नि रडत पन व्हता."

वीस मिनिटं ते बोलत होते. मध्येच पान उलटत होते. एकदा तर "हां, मंग," म्हणून बोट दोन ओळी मागे नेलं आणि चुकलेलं पुन्हा वाचल्यासारखं केलं! सभागृहात पंख्यांचा तेवढा आवाज. अध्यक्षांनी चष्मा काढून डोळे पुसले. (मीही पुसले, पण माझी कारणं जास्त होती.)

"असं पुस्तक आपल्या ग्रंथालयात आहे?" अध्यक्ष उभे राहिले. "मग ग्रंथालयाची खोली हलणार नाही. कॉम्प्युटर माझ्या ऑफिसात ठेवू. आणि बाबा, ते पुस्तक द्या इकडे. आज मी घरी नेऊन वाचतो."

शुभदाचा चेहरा पांढरा पडला. हिराजीबाबांनी पुस्तक छातीशी धरलं.

"नाय सायेब. माजा वाचून व्हयाचा हाय. पयला मी, मंग तुमी."

शुभदानं एका ढांगेत नोंदवही गाठली आणि पुस्तक हिराजीबाबांच्या नावावर लिहून टाकलं.

संध्याकाळी त्यांना एसटी स्टँडवर सोडायला मी गेलो. उरणची गाडी लागायची होती. मी म्हणालो, "बाबा, ती लेबलं मी लावली होती."

"तू? मना वाटला मास्तरनीचाच कायतरी इचार असंल."

"तुम्हाला राग नाही आला?"

"राग कशाला? पयले ओलीलाच समाजला, हितं कोंबड्या हायेत. मंग बघतो तर पोरगी रडाला आलेली. खोली जानार बोलत व्हते ना तिची?" त्यांनी काखेतलं पुस्तक सावरलं. "मी आक्षरा शिकलो ती पोराच्या पुस्तकातून, त्याच्या बाजूला बसून. आमचे वक्ताला ना खोली, ना पुस्तक. आता हाय, तर जिन्याखाली टाकाचा?"

मी रुमाल काढला. त्यांनी पाठीवर हात ठेवला. "रडू नको. आक्षर झ्याक हाय तुजा."

महिन्याभरानं ते पुस्तक परत द्यायला आले, सोबत डझनभर अंडी. "पुस्तकात हाय तसा केला," म्हणाले. मग खरं सत्याग्रहाचं पुस्तक शुभदानं शोधून अध्यक्षांच्या घरी पोचवलं. त्यांनी ते वाचून परत केलं आणि म्हणाले, "छान आहे, पण त्या दिवशी जास्त रंगलं होतं."

आणि मला शिक्षा? शुभदा रागावलीसुद्धा नाही. तिनं फक्त नोंदवही माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "आता प्रत्येक पुस्तक उघडायचं. आतलं पहिलं पान वाचायचं. मग लेबल." तीन आठवडे मी रोज कचेरीतून सुटलो की त्या वाचलेल्या खोलीत बसत होतो. मनात हिराजीबाबांचे आभार मानत होतो आणि पहिली पानं वाचत होतो.

त्या तीन आठवड्यांच्या जोरावर आज पनवेलमध्ये मी मोठा व्यासंगी माणूस म्हणून ओळखला जातो. कुठल्याही पुस्तकाचा विषय निघाला की मी सुरुवात अशी झकास सांगतो की ऐकणारे माना डोलावतात. पुढे काय होतं, हे मात्र आजवर मला एकानंही विचारलेलं नाही. बहुधा त्यांनीही तेवढंच वाचलेलं असावं!